दीड लाखात डॉलर-रुपयाचे किती लॉट घ्यायचे? मार्जिन तर ६५ लॉटचं बसतंय

चोपडेकर_पोरगा

नमस्कार मंडळी. मी मूळचा चोपड्याचा, सध्या जळगावला असतो. आमच्या घरी केळी आहे आणि काका रावेरहून गल्फला केळीचे कंटेनर पाठवतात, त्यांची सगळी बिलं डॉलरमध्ये, त्यामुळे त्यांचे कागद करता करता मला रोज डॉलरचा भाव बघायची सवय लागली. आता स्वतः करन्सी फ्युचरमध्ये, म्हणजे डॉलरचा पुढच्या तारखेचा भाव आजच ठरवून करायच्या एक्सचेंजवरच्या सौद्यात, उतरायचं म्हणतोय. दीड लाख रुपये बाजूला काढून ठेवलेत, हे पैसे घरखर्चाचे नाहीत आणि कर्जाचेही नाहीत.

एका टेलिग्राम ग्रुपवर आहे, तिथला अ‍ॅडमिन म्हणतो की मार्जिन पूर्ण वापरायचं, नाहीतर पैसा नुसता झोपून राहतो. ब्रोकरच्या अ‍ॅपवर एका लॉटला साधारण २२५० मार्जिन दाखवतंय, म्हणजे माझ्या पैशात ६५ लॉट बसतात. स्टॉपलॉस (भाव ठरावीक उलटा गेला की सौद्यातून बाहेर काढणारी ऑर्डर) तर मी लावणारच आहे, तो न लावता ट्रेड घेणार नाही हे नक्की.

तर ६५ घ्यावे का, की निम्मे घ्यावे, की अजून कमी? लॉट ठरवायची काही पद्धत असते का, का ज्याच्या त्याच्या हिमतीवर? आणि काकांच्या बिलासाठी यातलं काही उपयोगी पडेल का तेही सांगा, कारण रुपया हलला की त्यांची रात्रीची झोप जाते, हे मी डोळ्यांनी बघतो.

तापीकाठ

भो, मार्जिनवरून लॉट काढूच नको. मार्जिन म्हणजे एक्सचेंजने स्वतःच्या सुरक्षेसाठी तुझ्याकडून घेतलेली अनामत, तुला किती झेपेल याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

आधी एक लॉट म्हणजे किती हे नीट बघ. डॉलर-रुपयाचा लॉट १००० डॉलरचा. गणित सोपं जावं म्हणून डॉलर ९० ला आहे असं धरू, म्हणजे एक लॉट ९० हजारांचा झाला. भाव पाव पैशाने हलतो आणि पाव पैसा म्हणजे लॉटमागे अडीच रुपये, एक पैसा म्हणजे १० रुपये. आता तुझे ६५ लॉट घे. ६५ हजार डॉलर, म्हणजे साडेअठ्ठावन्न लाखांचा व्यवहार तू दीड लाखावर उभा करून राहिला. एक पैसा हलला की ६५० रुपये इकडे नाहीतर तिकडे. २५ पैसे उलटे गेले की १६,२५० गेले, म्हणजे अकरा टक्के भांडवल, आणि २०-२५ पैसे हलणं हे काही मोठं वादळ नाही, असे दिवस येतच राहतात.

मोठं वादळ बघायचं असेल तर २८ ऑगस्ट २०१३ चा दिवस काढून बघ. त्या दिवशी रुपया एकाच दिवसात अडीच रुपयांहून जास्त घसरला, ६६ च्या वरून थेट ६८.८० च्या आसपास. ६५ लॉट उलट्या बाजूला असते तर १ लाख ६२ हजारांच्या वर गेले असते. तुझं भांडवल किती? दीड लाख. म्हणजे खातं रिकामं होऊन वर ब्रोकरचं देणं. आणि दुसऱ्याच दिवशी रुपया सव्वादोन रुपयांच्या आसपास सावरला, म्हणजे ज्याचं मत बरोबर होतं पण लॉट जास्त होते तोसुद्धा त्याच्या आधीच बाहेर फेकला गेला असणार. मत बरोबर असून पैसे जातात ते असे.

पद्धत विचारतोस तर ती हिमतीची नाही, भागाकाराची आहे. पहिल्यांदा एका ट्रेडमध्ये जास्तीत जास्त किती रुपये गेले तरी चालतील ते ठरव. नवीन माणसाने भांडवलाच्या एक टक्क्यावर जाऊ नये असं माझं ठाम मत आहे, म्हणजे तुझे १५०० रुपये. मग चार्ट बघून स्टॉप कुठे येतो ते बघ. समजा २० पैशांवर येतो, म्हणजे लॉटमागे २०० रुपये. १५०० भागिले २००, साडेसात, म्हणजे सात लॉट. नेहमी खालचा आकडा धरायचा, वरचा नाही. स्टॉप ३५ पैशांवर येत असेल तर लॉटमागे ३५० आणि मग फक्त चार लॉट. भाव जास्त उड्या मारत असेल तर स्टॉप लांब जातो आणि लॉट आपोआप कमी होतात.

इथे लोक उलटं करतात. आधी ठरवतात की ३० लॉट घ्यायचे आणि मग १५०० मध्ये बसावं म्हणून स्टॉप ५ पैशांवर आणून ठेवतात. ५ पैसे तर भाव नुसता श्वास घेतला तरी हलतो. स्टॉप उडतो, भाव परत आपल्या दिशेला जातो, आणि माणूस म्हणतो ऑपरेटरने माझा स्टॉप खाल्ला. स्टॉपची जागा बाजार ठरवतो, आपण फक्त लॉट ठरवायचे. मागच्या १४ दिवसांत भाव रोज सरासरी किती पैशांत फिरला ते काढ आणि स्टॉप त्याच्या आत कोंबू नको, सुरुवातीला एवढं पुरे.

धुळे_एमआयडीसी

तापीकाठ भाऊ, तुमचं गणित बरोबर असेल पण १५०० रुपयांची रिस्क घेऊन माणूस कमावणार काय? फायदा झाला तरी दोन-तीन हजार, त्यात पेट्रोलही निघत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. डॉलर आज ना उद्या वर जातोच, माझ्या वडलांच्या काळात किती होता आणि आज किती आहे बघा. मग पडला की घ्यायचा, अजून पडला की डबल घ्यायचा, अ‍ॅव्हरेज खाली येतो आणि जरा उसळी आली की सगळं निघून येतं. स्टॉपलॉस लावायचाच कशाला, जी गोष्ट वर जाणारच आहे तिला?

चोपडेकर_पोरगा

तापीकाठ दादा, खूप आभार, भागाकाराचं एकदम डोक्यात बसलं. पण एक शंका. माझा स्टॉप २० पैशांवर लावलेला असेल तर २०१३ सारख्या दिवशीही मी २० पैशांतच बाहेर पडेन ना? मग अडीच रुपये कसे जातील?

तापीकाठ

हाच प्रश्न विचारायला पाहिजे होता. स्टॉप म्हणजे गॅरंटी नाही, स्टॉप म्हणजे तो भाव आला की ऑर्डर बाजारात सोडा एवढीच सूचना. समोर घेणारा-देणारा ज्या भावाला असेल त्या भावाला तो भरतो.

आणि आपला बाजार सकाळी ९ ते संध्याकाळी ५. डॉलर हलवणाऱ्या मोठ्या बातम्या येतात कधी? अमेरिकेचा महागाईचा आकडा आपल्या संध्याकाळी ६ किंवा ७ वाजता, त्यांच्या घड्याळाप्रमाणे एक तास मागेपुढे होतो. नोकऱ्यांचा आकडा बहुतेक शुक्रवारी त्याच वेळेला, म्हणजे आपला पुढचा दिवस थेट सोमवार. फेडचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, व्याजदराचा निर्णय तर आपल्या मध्यरात्रीच्या आसपास. या सगळ्या वेळी आपलं एक्सचेंज बंद आणि तुझा स्टॉप झोपलेला. सकाळी ९ ला भाव ४० पैसे उलटा उघडला तर तुझा २० चा स्टॉप ४० ला भरणार. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर तापीचं पाणी घाटाच्या पायऱ्या एकेक मोजत चढत नाही, तसंच भावाचं, मधले आकडे येतच नाहीत.

जगातलं याचं सगळ्यात मोठं उदाहरण स्विस फ्रँकचं. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून युरो १.२० फ्रँकच्या खाली जाऊ देणार नाही असं जाहीर केलं होतं. लोक त्या भिंतीला टेकून भरमसाट लॉट घेऊन बसले, स्टॉप १.२० च्या जरा खाली. १५ जानेवारी २०१५ ला बँकेने ती भिंत अचानक काढून घेतली आणि काही मिनिटांत युरो १ फ्रँकच्याही खाली गेला. मधल्या भावाला समोर कोणी नव्हतंच, म्हणून स्टॉप कितीतरी खाली भरले. कितीतरी लोकांची खाती शून्याच्या खाली, वजाबाकीत गेली, आणि लंडनची अल्पारी यूके नावाची ब्रोकर कंपनीच दिवाळखोरीत निघाली. त्यातल्या कितीतरी जणांनी स्टॉप लावलेले होते.

म्हणून रात्रभर पोझिशन ठेवायची असेल तर दोनदा गणित कर, एकदा स्टॉपचं आणि एकदा सकाळी एक रुपया उलटा उघडला तर काय याचं. सात लॉटवर एक रुपया म्हणजे ७ हजार, दीड लाखाच्या पाच टक्क्यांहून कमी. त्रास होईल पण दुसऱ्या दिवशी खातं जागेवर असेल. ६५ लॉटवर तोच एक रुपया म्हणजे ६५ हजार. आणि रिझर्व्ह बँकेचं पतधोरण असेल त्याच्या आदल्या संध्याकाळी नवीन माणसाने पोझिशन ठेवूच नये, निर्णय सकाळी दहाला येतो, तो येऊन जाऊ दे, कायले घाई.

गणिताचे_सर_अमळनेर

धुळेकर भाऊंच्या मुद्द्यावर मला सविस्तर लिहायचं आहे, कारण अ‍ॅव्हरेज करण्याचा हा विचार माझ्या ओळखीच्या बऱ्याच मुलांच्या डोक्यात आहे आणि तो आकड्यांपुढे टिकत नाही.

डबल करत जाण्याचं धरू. पहिला ट्रेड १ लॉट, मग २, ४, ८, १६, ३२. प्रत्येक वेळी २० पैसे उलटे गेले. सहा ट्रेडमध्ये मिळून ६३ लॉटचं नुकसान झालं, लॉटमागे २००, म्हणजे १२,६०० रुपये. खात्यात उरले १,३७,४००. आता सातव्याला घ्यायचे ६४ लॉट, त्याला मार्जिन लागतं १,४४,०००. म्हणजे ज्या ट्रेडने सगळं भरून निघणार होतं तो ट्रेड ब्रोकर घेऊच देणार नाही. ही १ लॉटपासूनची सुरुवात झाली, पाचपासून सुरू केलं तर चौथ्याच पायरीला चाळीस लॉट होतात. आणि मी इथे प्रत्येक वेळी लॉस बुक करून नवीन घेतला असं धरलंय, जुने लॉट तसेच अंगावर ठेवून अ‍ॅव्हरेज केलं तर मार्जिन आणखी लवकर संपतं.

सहा वेळा ओळीने उलटं जाईल का, असं कोणी विचारेल. जरूर जाईल. दहापैकी सहा वेळा हरणारी आणि चार वेळा जिंकणारी पद्धत घ्या, शंभर ट्रेडमध्ये कुठेतरी सहा हार ओळीने येण्याची शक्यता न येण्यापेक्षा बरीच जास्त आहे. हा शकुन-अपशकुनाचा भाग नाही, नाणं उडवून बघा, असे पट्टे दिसतातच.

आता एका ट्रेडमागे किती टक्के लावता यावर हे पट्टे काय करतात ते बघा. दीड लाखावर दहा हार ओळीने आल्या असं धरू, प्रत्येक वेळी उरलेल्या रकमेचा तेवढा टक्का. एक टक्क्याने १,३५,६०० च्या आसपास राहतात. पाच टक्क्यांनी साधारण ८९,८००. दहा टक्क्यांनी ५२,३००. आणि खरी मेख परत येताना आहे, कारण पहिल्याला मूळ रकमेवर यायला साडेदहा-अकरा टक्के कमवावे लागतात, दुसऱ्याला ६७ टक्के, तिसऱ्याला १८७ टक्के. निम्मं गेलं की दुप्पट करावं लागतं, हे शाळेतलं गणित आहे, पण पैसे लावताना माणूस ते विसरतो.

१५०० मध्ये काय कमावणार, हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे. त्याच पद्धतीत, चाळीस वेळा जिंकून साठ वेळा हरणाऱ्या, जिंकताना ३००० येत असतील आणि हरताना १५०० जात असतील तर शंभर ट्रेडअंती १,२०,००० आले आणि ९०,००० गेले. ३० हजार उरले, त्यातून खर्च आणि ठरवलेल्यापेक्षा वाईट भावाला सौदा भरल्याचा फटका जाईल. दीड लाखावर हे वाईट नाही. पण इथे पोचायला शंभरावा ट्रेड घेईपर्यंत खात्यात पैसे शिल्लक असावे लागतात, आणि लॉट कमी ठेवायचे ते त्यासाठीच.

डॉलर वरच जातो म्हणता तर २००७ साल बघा, वर्षाच्या सुरुवातीला ४४ च्या वर असलेला डॉलर वर्षअखेरीला ४० च्याही खाली होता. २०२२ च्या ऑक्टोबरात डॉलर ८३ च्या आसपास गेला, आणि वर्ष उलटून २०२४ च्या सुरुवातीलाही तो तिथेच घुटमळत होता. फ्युचरमध्ये बसून राहणं फुकट नसतं, आपल्याकडचं व्याज अमेरिकेपेक्षा जास्त असलं की पुढच्या महिन्याचा भाव वर असतो, आणि विकत घेऊन बसणारा तो फरक दर महिन्याला भरत राहतो. वर्षाला दोन टक्के धरले तर ९० च्या भावावर महिन्याला १५ पैसे, लॉटमागे १५० रुपये. भाव जागेवर उभा राहिला तरी तुमचे जातच राहतात. बँकेत डॉलर ठेवणं आणि फ्युचर ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धुळे_एमआयडीसी

सर, सातव्या पायरीला मार्जिन पुरत नाही हे मी कधी कागदावर मांडून बघितलंच नव्हतं. ठीक आहे, मान्य. रोलओव्हरचं, म्हणजे पुढच्या महिन्याच्या सौद्यात जाताना पडणाऱ्या त्या फरकाचं, मला माहीत होतं पण ते इतकं मोजत नव्हतो.

मग एक विचारतो, सगळे पैसे एकाच जोडीत न लावता डॉलर-रुपया, युरो-रुपया आणि पौंड-रुपया अशा तिन्हींत एक एक टक्का लावला तर रिस्क विभागली जाते ना?

तापीकाठ

तिन्हीकडे खरेदी केली असेल तर नाही विभागली जात. तिन्ही ठिकाणी समोर रुपयाच आहे, आणि युरो-रुपया म्हणजे शेवटी युरो-डॉलर गुणिले डॉलर-रुपया. रुपया मजबूत झाला की बहुतेक वेळा तिन्ही पोझिशन एकदम लाल होतात. तीन ठिकाणी एक एक टक्का असं वाटतं पण रुपयाविरुद्ध तुमचा तीन टक्क्यांचा एकच ट्रेड आहे, तो तीन तुकड्यांत लिहिलाय इतकंच. तिन्ही मिळून एक टक्का धरा आणि तो वाटून घ्या.

सीए_ताई_भुसावळ

सगळं वाचलं. लॉटचं गणित सुंदर मांडलंय सगळ्यांनी, पण त्याच्या आधीची एक गोष्ट कोणीच बोललं नाही आणि ती न बोलता या मुलाला पुढे पाठवणं मला पटत नाही.

रुपयाची ज्यात एक बाजू आहे असे करन्सी डेरिव्हेटिव्ह (फ्युचरसारखे सौदे), मग ते एक्सचेंजवरचे असले तरी, परकीय चलनाची खरी देणी-घेणी असणाऱ्यालाच घेता येतात. रिझर्व्ह बँकेचं ५ जानेवारी २०२४ चं परिपत्रक आहे, ते आधी ५ एप्रिलपासून लागू होणार होतं, मग मुदत वाढून ३ मे २०२४ पासून लागू झालं. बाजारात गैरसमज असा होता की १० कोटी डॉलरपर्यंत कागद दाखवायचे नाहीत म्हणजे नुसता सट्टाही चालतो. तसं नाही. कागद आधी द्यायला लागत नाहीत हे खरं, पण ती देणी-घेणी प्रत्यक्षात असायलाच पाहिजे आणि विचारलं तर दाखवता आली पाहिजे. त्यानंतर ब्रोकरांनी ग्राहकांकडून तसं लिहून घ्यायला सुरुवात केली आणि या बाजारातली उलाढाल एकदम खाली आली.

तर बाळा, बिल काकांच्या फर्मचं आहे, तुझं नाही. तुझ्या वैयक्तिक खात्यात तुझ्याकडे डॉलरचं कसलंही येणं नाही, मग तू ब्रोकरला कोणत्या आधारावर लिहून देणार? खोटं लिहून देऊ नकोस, एवढं मी तुला घरातली मोठी म्हणून सांगते.

दुसरं, त्या टेलिग्राम ग्रुपवाल्याने आज ना उद्या तुला परदेशी अ‍ॅपची लिंक पाठवलीच तर तिकडे अजिबात जाऊ नको. तिथे पाचशे पट लिव्हरेज देतात, म्हणजे दहा हजारांवर पन्नास लाखांचा व्यवहार, भाव पाचशेतला एक भाग उलटा गेला की दहा हजार संपले. त्यात एक टक्क्याचा नियम पाळतो म्हटलं तरी मूळ व्यवहारच फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, बाहेरचा. परदेशी ब्रोकरकडे मार्जिन पाठवायला एलआरएसमध्येही (माणसाला परदेशात पैसे पाठवू देणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतही) परवानगी नाही, अडीच लाख डॉलरची मर्यादा शिक्षण, प्रवास, गुंतवणूक अशासाठी आहे, यासाठी नाही. फेमाखाली गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ पासून अशा अनधिकृत प्लॅटफॉर्मची सावधगिरीची यादीही काढली आहे आणि ती वाढत गेली आहे. यादीत नाव नाही म्हणजे अधिकृत असं मात्र समजू नको, हे बँकेने त्यातच लिहिलंय.

काकांच्या बिलाचं मात्र सगळं रीतसर करता येतं आणि ते करायलाच पाहिजे.

केळी_सावदा

ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. मी स्वतः सावद्याहून माल पाठवतो म्हणून काकांच्या बाजूचं सांगतो, आणि इथे लॉट किती हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सुटतो.

एका चाळीस फुटी रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये साधारण २० टन केळी बसते. बिल समजा १० हजार डॉलरचं झालं, भाव वरखाली होतो पण हिशोबाला धरू. पैसे यायला ४० दिवस. या ४० दिवसांत रुपया एक रुपयाने मजबूत झाला तर १० हजार रुपये गेले, आणि एका कंटेनरमागे निव्वळ सुटतात किती हे आपल्या लायनीतल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दहा हजार डॉलर म्हणजे दहा लॉट, ते विकून ठेवले की रुपया कुठेही गेला तरी भाव बांधला गेला. वर व्याजातल्या फरकामुळे पुढच्या महिन्याचा भाव जास्त असतो तो आपल्याला, म्हणजे विकणाऱ्याला मिळतो. सरांनी सांगितलेलं जे घेणाऱ्याला भुर्दंड आहे तेच एक्स्पोर्टरला फायद्याचं. आणि गिऱ्हाईक दिरहममध्ये बिल मागत असेल तरी डॉलरचंच हेज (भाव हलण्यापासूनचं संरक्षण) चालतं, कारण एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम हे १९९७ पासून बांधलेलं आहे, सौदी रियालही तसाच ३.७५ ला.

पण पूर्ण दहा लॉट मी कधी विकत नाही, आणि याचं कारण चार्टवर दिसत नाही. केळी १३-१४ डिग्रीवर जाते. तिकडे कंटेनर उघडला की पार्टी पहिलं काम काय करते, तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवते. चार पेट्या उघडलेल्या, वरच्या फणीवर पिवळी झाक आलेली, बाजूला थर्मामीटर धरलेलं, आणि खाली मेसेज की एवढा माल रंगावर आलाय, बिलातून एवढे डॉलर कापा. कधी खरं असतं, कधी बाजार पडलेला असतो म्हणून ओरड असते. ते काहीही असो, १० हजारांचे कधी ८५०० होतात. आता तुम्ही दहा लॉट विकून बसलात आणि आले साडेआठ हजार, तर दीड लॉट हवेत आहेत, तो आता हेज नाही राहिला, तो सट्टा झाला, आणि ताई म्हणतात तो नियमही तिथेच मोडला. म्हणून मी जुन्या, भरवशाच्या पार्टीचं ७० टक्के बांधतो, नवीन पार्टीचं निम्मं, आणि ज्याने पहिल्याच कंटेनरला घासाघीस केली त्याचं पैसे हातात आल्याशिवाय काहीच नाही.

आणखी एक, जे लोक आधी विचारात घेत नाहीत. फ्युचरचा नफा-तोटा रोजच्या रोज खात्यातून वळता होतो. तुम्ही दहा लॉट विकले आणि डॉलर दोन रुपयांनी वर गेला, तर २० हजार आज ब्रोकरकडे भरायचे, आणि त्याची भरपाई करणारे जास्तीचे रुपये बिलाच्या पैशात ४० दिवसांनी येणार. हिशोब जुळतो पण तारीख जुळत नाही. सीझनला पाच-सहा कंटेनर एका वेळी पाण्यावर असतात, मजुरी, पॅकहाऊस, खोके, बागायतदाराचे पैसे सगळं तेव्हाच द्यायचं असतं, आणि त्यातच ब्रोकरचा मार्जिनचा फोन. त्यामुळे कंटेनरमागे निदान २०-२५ हजार वेगळे ठेवता येत नसतील तर फ्युचरच्या नादी न लागता बँकेत फॉरवर्ड (पुढच्या तारखेचा डॉलरचा भाव बँकेशी आजच ठरवणारा करार) बुक करावा, तिथे हा रोजचा वळता नसतो. पण तिथेही तारखेला डॉलर आले नाहीत तर फॉरवर्ड रद्द करायचा खर्च आपल्याच डोक्यावर, म्हणून तिथेही पूर्ण रक्कम बांधू नये.

तुझ्या काकांना एवढं विचार, डॉलर आले की बँक कोणत्या भावाने रुपये देते. बाजारभावापेक्षा ३० पैसे कमी लावत असेल तर दहा हजार डॉलरवर ३ हजार रुपये दर कंटेनरला तिथेच जातात, काहीही रिस्क न घेता. २०१९ पासून एफएक्स-रिटेल नावाचा प्लॅटफॉर्म आहे, त्यावर बँकेमार्फत नोंदणी केली की बाजारभाव आणि बँकेचा त्यातला कट वेगवेगळा दिसतो, मग बोलणी करता येतात. जास्त जणांना हे ठाऊकच नाही.

चोपडेकर_पोरगा

खरं सांगतो, मला वाटलं होतं दोन ओळींत कोणी ३० लॉट घे नाहीतर ४० घे सांगेल. ताई, माझ्या नावावरच्या खात्यात रुपयाच्या जोडीत काही करणार नाही, हे पक्कं. ग्रुपमधून बाहेर पडलो, अ‍ॅडमिनने परवाच एक लिंक टाकली होती, ताई म्हणाल्या अगदी तसलीच.

सावदेकर काका, आज दुपारी काकांच्या फायली काढून बसलो. मागच्या पाच पावत्यांत बँकेने लावलेला भाव आणि त्या दिवशीचा बाजारभाव शेजारी शेजारी लिहिला. फरक कुठे २२ पैसे, कुठे ३८. काका बघतच राहिले. उद्या बँकेत जाणार आहोत. आता प्रश्न एवढाच की सध्या तीन कंटेनर वाटेत आहेत, एक जुन्या पार्टीचा, दोन नवीन पार्टीचे, प्रत्येकी साधारण दहा हजार डॉलर. तुमच्या हिशोबाने किती बांधायचं? आणि बँकेत जाताना काय न्यायचं?

केळी_सावदा

जुन्याचे ७ हजार, नवीन दोघांचे मिळून १० हजार, म्हणजे १७ हजार डॉलर झाले. पण दोन्ही नवीन कंटेनर एकाच पार्टीचे असतील तर त्यांचे ७-८ हजारच धर, तिकडे भांडण झालं तर दोन्ही बिलं एकदम अडकतात. तापीकाठ भाऊंनी युरो-पौंडाचं सांगितलं तेच इथेही. आणि तिन्हींच्या पैशांच्या तारखा वेगवेगळ्या असतील तर फॉरवर्डही वेगवेगळ्या तारखांचे घ्या, सगळे एका तारखेला बांधू नका, पार्टी पैसे द्यायला आठवडाभर लावतेच म्हणून तारीख जरा पुढची ठेवा.

सीए_ताई_भुसावळ

बँकेत जाताना आयईसीची (आयात-निर्यात कोडची) प्रत, तिन्ही कंटेनरची इनव्हॉइस, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल चढवल्याची पावती) आणि पार्टीची ऑर्डर, मग ती ईमेलवर असली तरी तिची प्रिंट. फर्म काकांची एकट्याची असेल तर सही तेच करतील, भागीदारी असेल तर दुसऱ्या भागीदारालाही घेऊन जा. फॉरवर्ड लिमिट आधी मंजूर नसेल तर बँक मार्जिन म्हणून एफडी मागू शकते, त्याची तयारी ठेवून जा. आणि उद्या शनिवार आहे, कितवा ते बघा, दुसरा किंवा चौथा असेल तर सोमवारी सकाळी जा.

चोपडेकर_पोरगा

दुसराच आहे ताई. सोमवारी जातो.